राजपत्रातला 'तिसरा': बिहारच्या वटहुकुमांचं प्रकरण

'बिहार वनोपज (व्यापार नियमन) तिसरा अध्यादेश, १९८३.' हे शीर्षक वाचताना डोळे 'वनोपज'वर थांबतात आणि 'तिसरा' या शब्दावरून घसरून जातात. खरी गोम त्या शब्दातच आहे. तिसरा, म्हणजे याच नावाचा वटहुकूम त्याच वर्षात आधी दोनदा निघून गेला होता. त्या वर्षीचा विटांच्या पुरवठ्यावर नियंत्रण ठेवणारा वटहुकूमही 'तिसरा', आणि इंटरमीजिएट शिक्षण परिषदेचाही 'तिसरा'. जंगलातला माल, भट्टीतल्या विटा आणि अकरावी-बारावीचं शिक्षण. तीन खाती, तीन विषय, एकमेकांशी संबंध शून्य, पण तिघांची पावलं एका तालात. तातडीचा प्रसंग म्हणतात तो असा तिन्हींवर एकदम, तोही वर्षातून तीन-तीनदा कोसळत नसतो.

हे तीन वटहुकूम पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 'डी. सी. वाधवा विरुद्ध बिहार राज्य' या नावाने गाजले. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण चार ओळींत उरकतात: वटहुकूम पुन्हापुन्हा काढणं ही राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे, असं न्यायालय म्हणालं, इति. एवढ्यावर थांबलं तर सगळ्यात मनोरंजक भाग निसटतो. ही लबाडी कुणी हुकूमशहाने केली नव्हती. ती बाबू लोकांनी कॅलेंडर समोर ठेवून केली होती आणि तिच्यात कुणाला काही वावगंच वाटत नव्हतं.

बेचाळीस दिवसांचं गणित

आधी नियम काय तो पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ प्रमाणे, विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसेल आणि ताबडतोब पाऊल उचलणं भाग आहे अशी राज्यपालांची खात्री झाली, तर ते वटहुकूम काढू शकतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं. राज्यपाल म्हणायचं, पण निर्णय मंत्रिमंडळाचा. म्हणजे ज्याने कायदा राबवायचा त्यानेच तो करायचा, अशी ही सोय आहे. गोऱ्या साहेबाचा हा वारसा: १८६१च्या कायद्याने व्हाइसरॉयला सहा महिन्यांचे वटहुकूम काढायची मुभा दिली, १९३५च्या कायद्याने ती प्रांतांच्या गव्हर्नरांपर्यंत नेली. मे १९४९मध्ये घटना समितीत हा विषय निघाला तेव्हा के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी या अधिकारावर बोट ठेवलं होतं. डॉ. आंबेडकरांचं उत्तर व्यवहारी होतं. सभागृह बसलेलं नाही, अचानक काही उद्भवलं आणि हातातला कायदा पुरा पडत नाही, तर सरकारने करायचं काय?

म्हणून अधिकार ठेवला, पण तो उसना. अधिवेशन भरलं की वटहुकूम सभागृहापुढे ठेवायचा. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवडे झाले की तो आपोआप मरतो. सभागृहाने त्याआधीच नापसंतीचा ठराव केला तर त्याहूनही लवकर. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तेव्हा सहा महिने अधिक सहा आठवडे, साधारण साडेसात महिने, ही वटहुकुमाची जास्तीत जास्त आयुर्मर्यादा. तेवढ्यात विधेयक मांडा, चर्चेला सामोरे जा, मतं मिळवा.

आता २९ जुलै १९८१चं एक पत्र पाहा. बिहारच्या संसदीय कामकाज खात्याच्या विशेष सचिवांनी ते राज्यातल्या सगळ्या खात्यांच्या आयुक्तांना आणि सचिवांना धाडलं होतं. मजकूर अगदी सरळ, कार्यालयीन. जून-जुलैचं अर्थसंकल्पी अधिवेशन काम आटोपून २८ जुलैला संस्थगित झालं आहे. विधानसभा २९ जूनला भरली होती, विधान परिषद १ जुलैला. तेव्हा १ जुलैपासून सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस, ११ ऑगस्टला पुरे होतात. त्याआधी पुन्हा काढले नाहीत तर सगळे वटहुकूम संपुष्टात येतील. सबब आपापल्या खात्याचे वटहुकूम ११ ऑगस्टपूर्वी पुन्हा काढवून घ्यावेत.

या पत्रात कुठेही 'विधेयक मांडा' असं म्हटलेलं नाही. अधिवेशन नुकतंच होऊन गेलं आहे, दोन्ही सभागृहं महिनाभर बसली होती, त्यांच्यापुढे यातलं काही का नेलं नाही, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याला पडलेला नाही. वाचणाऱ्यांनाही पडला नसावा. वीजबिलाची शेवटची तारीख कळवावी त्या थाटात राज्यघटनेची मुदत कळवली आहे. आणि गणित चुकलेलं नाही, हे विशेष. दोन सभागृहं वेगवेगळ्या तारखांना भरली तर नंतरची तारीख धरायची, हा बारकावासुद्धा बरोबर पाळला आहे. अनुच्छेद २१३ त्या कार्यालयात अगदी नीट वाचला जात होता.

ज्या दिवशी अधिवेशन संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे पत्र निघालं, हेही ध्यानात घ्यावं. सभागृहाचं दार लागायची वाटच पाहिली जात होती.

याच पद्धतीने १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले आणि ते पुन्हापुन्हा काढून जगवले. कधीकधी एकाच दिवशी पन्नासच्या आसपास वटहुकूम जसेच्या तसे नव्याने निघत. २५६ पैकी ५९ वर्षभराच्या आत संपले. एक ते दोन वर्षं जगलेले ५१, दोन ते तीन वर्षं जगलेले ४५. दहा वर्षांच्या पुढे गेलेले ११. सगळ्यांत चिवट ठरला तो उसाचा पुरवठा आणि खरेदी यांचं नियमन करणारा वटहुकूम: १३ वर्षं, ११ महिने, १९ दिवस. तो पहिल्यांदा निघाला त्या दिवशी जन्मलेलं मूल एव्हाना नववीच्या वर्गात जाऊन बसलं असेल. उसासारखं पीक, लाखो शेतकऱ्यांचा प्रपंच त्यावर, आणि त्याचे नियम इतकी वर्षं एकाही आमदाराच्या मताविना चालू.

त्या चौदा वर्षांत पाटण्यात सरकारं किती आली-गेली याची मोजदाद करणं जिकिरीचं आहे. काँग्रेस आली, संयुक्त विधायक दल आलं, जनता पक्ष आला, मध्येमध्ये राष्ट्रपती राजवट. प्रत्येक नव्या सरकारला मागच्याचे वटहुकूम वारशात मिळाले आणि प्रत्येकाने ते पुढे चालवले. म्हणून हे कुण्या एका पक्षाच्या माथी मारता येत नाही. सरकार डळमळीत असेल तर सभागृहात विधेयक नेणं म्हणजे बहुमताची परीक्षा. वटहुकुमाला परीक्षा नाही. एकदा ही वाट सापडली की कोण कशाला वळसा घालून जाईल?

दिल्लीही अंधारात नव्हती. काही विषयांवरच्या वटहुकुमाला राष्ट्रपतींची आगाऊ अनुमती लागते. २५६ पैकी ६९ वटहुकूम अशी अनुमती घेऊन पुन्हापुन्हा काढले गेले. म्हणजे तिथल्या टेबलांवरूनही या फायली एकेकदा नव्हे, अनेकदा गेल्या. राज्यपाल, राष्ट्रपती, विधानसभा, विधान परिषद, सगळे जागच्या जागी होते.

पुण्यातून गेलेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक

डॉ. डी. सी. वाधवा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्राध्यापक. ते वकील नव्हेत, पुढारी नव्हेत आणि बिहारचे मतदारही नव्हेत. बिहारमधली जमीनधारणा आणि कुळकायद्यांत होत गेलेले बदल हा त्यांचा अभ्यासाचा विषय. कायद्यातले बदल शोधायला निघालेल्या माणसाला कायदे सापडायला हवेत. त्यांना वटहुकूम सापडत गेले, तेही पुन्हा तेच. मग त्यांनी मूळ विषय बाजूला ठेवून या वटहुकुमांचीच जन्ममृत्यूची नोंद करायला घेतली. कोणता कधी निघाला, कधी संपायला हवा होता, कधी पुन्हा निघाला, असं एकेक करून २५६. संगणक नाही, शोधयंत्र नाही; राजपत्राचे जुने अंक आणि तारखांची कोष्टकं. १९८३मध्ये गोखले संस्थेने त्यांचं पुस्तक काढलं. 'राज्यघटनेशी लबाडी' हे शब्द त्याच्या शीर्षकातच होते, न्यायालयाने ते नंतर उचलले.

पुढच्या वर्षी याचिका दाखल झाली. वाधवांसोबत आणखी तिघं होते: रांची जिल्ह्यातला एक रयत, ज्याला आपल्या जमिनीतलं वनोपज फक्त सरकारला किंवा सरकारच्या एजंटालाच विकता येणार होतं, पाटण्याच्या एका कॉलेजातला इंटरमीजिएटचा विद्यार्थी, आणि एक वीट व्यावसायिक. तीन वटहुकूम आणि त्यांची झळ बसलेली तीन माणसं, अशी ती नेमकी जुळणी होती. या चौघांत एकही आमदार नाही. ज्यांचा अधिकार चौदा वर्षं हिरावून घेतला जात होता, त्यांच्यापैकी कुणाचं नाव या खटल्यात वादी म्हणून दिसत नाही. मला या प्रकरणातली ही सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. सत्ताविभाजनाची तटबंदी उभी असते ती आपला अधिकार दुसऱ्याने घेतला तर समोरचा ओरडेल या गृहीतावर. इथे समोरचा ओरडलाच नाही. सत्ताधारी आमदाराला आपल्याच सरकारला अडचणीत आणायचं नव्हतं, आणि विरोधकाला उद्या आपणही तिथे बसणार याची जाण होती.

राज्य सरकारचा बचाव तिहेरी होता. एक, पुण्याच्या प्राध्यापकाला बिहारच्या वटहुकुमाशी काय देणंघेणं? दोन, आता प्रश्न केवळ पुस्तकी उरला आहे, कारण खटला चालू असतानाच वनोपज आणि विटांच्या वटहुकुमांचे रीतसर कायदे झाले. (वर्षानुवर्षं न जमलेली गोष्ट न्यायालयाची नोटीस आल्यावर जमते, हा योगायोग म्हणायचा.) आणि तीन, राज्यपालांची खात्री झाली की नाही, हे न्यायालयाने तपासायचं नसतं.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांचा तो पदावरचा शेवटचा दिवस. जनहित याचिकांची दारं उघडणाऱ्यांत ते अग्रभागी, तेव्हा पहिला आक्षेप टिकणार नव्हताच. कायद्याचं राज्य हा घटनेचा गाभा आहे आणि कुणी मर्यादेबाहेर जाऊन कायदा करत असेल तर त्याला हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला आहे, असं न्यायालयाने सांगितलं. दुसरा आक्षेपही बाजूला सारला, कारण उद्या हेच पुन्हा होऊ शकतं.

मूळ मुद्द्यावर निकाल परखड आहे. वटहुकूम हा अपवादात्मक प्रसंगासाठी आहे, राजकीय सोयीसाठी नाही. कायदे करणं हे विधिमंडळाचं काम. सभागृहाला वळसा घालून तोच वटहुकूम यांत्रिकपणे पुन्हापुन्हा काढत राहणं म्हणजे सरळ जे करता येत नाही ते आडवाटेने करणं. तो अधिकाराचा दिखाऊ वापर, राज्यघटनेशी लबाडी. देशात वटहुकूम-राज चालू देता येणार नाही. इंटरमीजिएट शिक्षण परिषदेचा वटहुकूम तेवढा अजून जिवंत होता, विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, पडलेलं. तो घटनाबाह्य म्हणून रद्द केला. वाधवांनी घेतलेल्या कष्टांची दखल घेऊन बिहार सरकारने त्यांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यावेत, असाही आदेश झाला.

फट

शब्द जहाल, पण हाती काय आलं? एक वटहुकूम रद्द, दहा हजार रुपये, आणि पुढे असं करू नका ही तंबी. चौदा वर्षांत त्या वटहुकुमांखाली जे झालं, वसूल केलेले पैसे, दिलेले-नाकारलेले परवाने, त्यांचं काय, याला न्यायालयाने हात घातला नाही. घातला असता तर बिहारचा निम्माअर्धा कारभार कोसळला असता, हेही खरंच.

शिवाय निकालातच एक फट राहिली. अधिवेशनात कामाचा बोजा फार असेल किंवा वेळच अपुरा असेल, तर वटहुकूम पुन्हा काढणं चालू शकेल, असं न्यायालय म्हणालं. आता अधिवेशन किती दिवस चालवायचं आणि त्यात कोणतं काम घ्यायचं, हे ठरवतं कोण? तेच सरकार. ज्याने वेळ कमी ठेवला त्यालाच वेळ कमी पडल्याची सबब दिली गेली.

सबब वापरली गेली. भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करणारा केंद्राचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ला निघाला. राज्यसभेत बहुमत नव्हतं. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, २८ मार्च २०१५ला, राज्यसभा संस्थगित केली, कारण दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असेल तर वटहुकूम काढता येत नाही. आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो पुन्हा निघाला, मेअखेरीस तिसऱ्यांदा. शेवटी ऑगस्टअखेर सोडून दिला. शत्रू संपत्तीचा, म्हणजे पाकिस्तान-चीनचे नागरिक झालेल्यांच्या इथल्या मालमत्तेचा, वटहुकूम तर एकट्या २०१६मध्ये पाच वेळा काढला गेला. उलट टोकाचं उदाहरण केरळचं. ऑगस्ट २०२२मध्ये राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी पुन्हा सहीसाठी आलेले अकरा वटहुकूम तसेच ठेवले आणि ते संपले. वाधवा निकालाच्या चष्म्यातून ते बरोबरच. पण न निवडलेला राज्यपाल निवडून आलेल्या सरकारला असं अडवतो तेव्हा त्यामागे राज्यघटना किती आणि दिल्ली-तिरुवनंतपुरमचं भांडण किती, हे ज्याने-त्याने ठरवावं.

वटहुकूम म्हटला की तो वाईटच, असं मात्र नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं विधिमंडळात रखडलं होतं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. त्याच डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात चर्चा होऊन त्याचा कायदा झाला. उसना अधिकार मुदतीत परत केला. फक्त एक खटकतं: सभागृहाने आपलं काम वेळेवर केलं असतं तर त्या वटहुकुमाची वेळच आली नसती.

पुन्हा बिहार

वाधवा निकाल लागला २० डिसेंबर १९८६ला. १८ डिसेंबर १९८९ला, तीन वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी असताना, त्याच बिहारमध्ये आणखी एक वटहुकूम निघाला: ४२९ खासगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेण्याचा. शिक्षकांना वाटलं, आपण सरकारी नोकर झालो. मग तो वटहुकूम पुन्हा निघाला, पुन्हा निघाला, आणि ३० एप्रिल १९९२ला शेवटचा संपला. यातला एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. कायदा झाला नाही. शाळा पुन्हा होत्या तिथे.

शिक्षक न्यायालयात गेले. आमच्या नोकऱ्या सरकारी झाल्या त्या झाल्या, वटहुकूम संपला म्हणून तो हक्क संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच निराधार नव्हतं. जुन्या निकालांत तसा आधार होता. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. एकाच्या मते सगळेच वटहुकूम अवैध, दुसऱ्याच्या मते पहिला तेवढा वैध. प्रकरण वरवर चढत सात न्यायमूर्तींपर्यंत पोचलं आणि निकाल लागला २ जानेवारी २०१७ला. इथेही सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते. वटहुकुमांच्या नशिबात असे उंबरठ्यावरचे निकालच दिसतात.

बहुमताचा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला आणि वाधवा निकालाने जे मोघम ठेवलं होतं ते बरंचसं आवळलं. वटहुकूम पुन्हा काढणं घटनेला मान्य नाही. तो सभागृहापुढे ठेवणं ही औपचारिकता नाही, बंधन आहे. राज्यपालांची खात्री कशाच्या आधारावर झाली, हे न्यायालय पाहू शकतं. आणि वटहुकूम संपल्यावर त्यातून मिळालेले हक्क आपोआप टिकून राहत नाहीत. सभागृहापुढे ठेवण्याच्या बंधनाबाबत न्या. मदन लोकूर यांनी वेगळं मत नोंदवलं.

शिक्षक हरले. वटहुकुमांनी त्यांना कायमचा कोणताच हक्क दिला नव्हता, कारण वटहुकूमच लबाडीचे होते. लबाडी करणाऱ्या मंत्र्यांचं, सचिवांचं किंवा राज्यपालांचं यात काही गेलं नाही. तेवढ्या काळात दिलेला पगार परत वसूल करू नये, असं न्यायालयाने सांगितलं. १९८९मध्ये पस्तिशीत असलेला शिक्षक तोवर साठी ओलांडून गेला होता.